गावच्या घरात व्हीपीएन सर्व्हर: आधी अपलोड बघा

वाडीत फायबर आलं की पहिला प्रश्न ठरलेला: डाउनलोड किती? शंभर एमबीपीएस म्हटलं की विषय संपला. पण मुंबई-पुण्यात बसून गुहागर-देवगडच्या घरातला कॅमेरा, हार्ड डिस्कवरचे फोटो, बागेतल्या पंपाचा वायफाय स्टार्टर बघायचा असेल आणि त्यासाठी घरातच स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची खाजगी, कुलूपबंद वाट देणारं यंत्र) ठेवायचा असेल, तर हा शंभरचा आकडा फारसा कामाचा नाही. बाहेरून आपण जे बघतो ते घरातून बाहेर पडतं, म्हणजे अपलोडने जातं. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अर्ध्या तासाचं काम आहे. घोळ होतो तो अपलोड, पत्ता आणि वीज या तीन ठिकाणी, म्हणून या पोस्टमध्ये जास्त जागाही त्यांनाच दिली आहे.

घरचा व्हीपीएन दोन तऱ्हांनी वापरतात. एक, फक्त घरातल्या वस्तूंपर्यंत पोचायला. बाकीचं इंटरनेट फोन आपलं आपण वापरतो. दुसरी तऱ्हा म्हणजे फोनचा सगळाच ट्रॅफिक घरून फिरवायचा. रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर विश्वास नसेल, किंवा घरातलं कोणी परदेशी असेल आणि इथली एखादी साइट फक्त भारतातल्या पत्त्यावरूनच उघडत असेल, तर हे लागतं. या दुसऱ्या प्रकारातली एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फोनवर व्हिडिओ बघितला तर तो आधी घरी डाउनलोड होतो आणि मग घरून फोनकडे अपलोड होतो. फोनवरून फाइल पाठवली तर ती आधी घरी येते आणि तिथून पुन्हा अपलोडनेच बाहेर पडते. म्हणजे येणं आणि जाणं मिळून जे काही होईल ते घरच्या अपलोडमध्येच मावायला हवं. लाइन १००/१० ची असेल तर बाहेर बसलेल्या माणसाचं इंटरनेट दहाचं, आणि व्हीपीएनचं सॉफ्टवेअर वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) घालतं ती आवरणं वजा केली तर साडेनऊच्या आसपास. डेटाची मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये १ जीबीचा व्हिडिओ २ जीबी खातो, तेही धरून चाला.

मग अपलोड किती हवं? २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) मुख्य स्ट्रीमला साधारण २ एमबीपीएस घेतो, जुना एच.२६४ वाला ४ पर्यंत जातो. बहुतेक कॅमेऱ्यांना दुसरा, हलका सबस्ट्रीम असतो, तो अर्ध्या एमबीपीएसमध्ये भागतो. चार कॅमेरे एकदम बघायचे तर ॲपमध्ये चौकोन दिसताना सबस्ट्रीम आणि एकावर बोट ठेवलं की मुख्य, अशी सेटिंग ठेवा. तसं केलं तर ५ एमबीपीएस अपलोडही पुरतो. फोटोंचं गणित वेगळं. ४ एमबीचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट, ५ एमबीपीएसला सहा-सात सेकंद. १ जीबीची लग्नाची क्लिप १० एमबीपीएसवर तेरा-चौदा मिनिटं. स्पीडमधला 'बी' बिटचा आणि फाइलमधला 'बी' बाइटचा, मध्ये आठाचा फरक. हे गणित चुकलं की केबलवाल्याशी उगाच भांडण होतं. माझ्या मते कॅमेऱ्यापुरता सर्व्हर असेल तर १० आणि सगळा ट्रॅफिक फिरवायचा असेल तर ३० च्या खाली अपलोड असू नये.

अपलोड कमी का असतो

घराघरात येणारं फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन तंत्राचं असतं. त्यात एका काचेच्या तारेवर खाली २.४८८ गिगाबिट आणि वर १.२४४ गिगाबिट, आणि ती तार स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली. डाउनलोड सगळ्यांना एकदम पाठवलं जातं, आपला ओएनटी (घरातला फायबरचा डबा) त्यातलं आपलं तेवढं उचलतो. अपलोडला मात्र पाळी असते. कोणत्या ओएनटीने कधी बोलायचं हे पलीकडचं ओएलटी (ऑपरेटरकडचं यंत्र) ठरवतं. तरीही ३२ घरं एकाच क्षणी पूर्ण ताकदीने अपलोड करत असली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३८-३९ एमबीपीएस येतात. तेव्हा तुमच्या लाइनला ५ किंवा १० मिळत असेल तर दोष काचेचा नसतो. प्लॅनच तसा लावलेला असतो, किंवा गावापासून तालुक्यापर्यंतची ऑपरेटरची लाइन भरलेली असते. पहिल्या कारणावर इलाज सोपा आहे. "अपलोड-डाउनलोड सारखं असलेला प्लॅन आहे का?" एवढंच विचारायचं. पुष्कळदा असतो, कोणी मागत नाही म्हणून सांगत नाहीत. कधी कधी प्लॅन बदललेला असतो पण सिस्टिममध्ये जुनाच प्रोफाइल राहिलेला असतो. तेव्हा बदल झाल्यावर ओएनटी एकदा बंद-चालू करून पुन्हा मोजा.

छपरावर डबी लावून ५जीवरून येणाऱ्या इंटरनेटवर सर्व्हर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळ वाटून घेतात आणि त्यातला मोठा वाटा डाउनलोडला देतात. अपलोड कमी आणि शिवाय वरखाली होणारा. बघण्यापुरतं ठीक, देण्यासाठी नाही. तार येत असेल तर तारच घ्या.

मोजायचं कसं

वायफायवर मोजू नका. जांभ्याच्या दीड हात रुंद भिंतीपलीकडे राउटर असेल तर तुम्ही भिंत मोजता, लाइन नाही. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, मुंबईचा सर्व्हर निवडा आणि तीन वेगवेगळ्या वेळी बघा: सकाळी, दुपारी आणि रात्री नऊ ते अकरा. रात्रीचाच आकडा खरा धरा. लाइन २०० ची असून कायम ९४-९५ वरच अडकत असेल तर बहुधा नेटवर्क केबलची एखादी जोडी तुटलेली आहे आणि पोर्ट १०० वर उतरलं आहे. केबल बदलून बघा.

नुसता आकडा बघू नका, अपलोड चालू असताना पिंगही (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) बघा. एका खिडकीत पिंग सोडा आणि दुसऱ्या खिडकीत मोठी फाइल वर पाठवा. रिकाम्या लाइनला १०-२० मिलिसेकंद येणारा पिंग अपलोड भरल्यावर ३००-५०० वर गेला, तर राउटर पॅकेट साठवून ठेवतो आहे. गणपतीत चाकरमानी घरी आले की दहा-बारा फोन एकदम फोटोंचा बॅकअप सुरू करतात, अपलोड गच्च भरतो आणि मग व्हीपीएन काय, साधा व्हॉट्सॲप कॉलही तुटतो. डाउनलोडही मंदावतं, कारण आलेल्या पॅकेटच्या पोचपावत्या अपलोडनेच जातात. १०० एमबीपीएस उतरवायला पोचपावत्यांसाठीच दोनेक एमबीपीएस लागतात. यावरचा इलाज म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर आणि त्यात एसक्यूएम (पॅकेटची रांग आवरणारी सोय), प्रकार केक. अपलोडची मर्यादा खऱ्या आकड्याच्या नव्वद टक्के ठेवायची. १० एमबीपीएस मिळत असतील तर ९००० केबिट. एक एमबीपीएस हातचा जातो, पण पिंग जागेवर राहतो. हा आकडा रात्रीच्या मोजणीवरून भरा, सकाळच्या नव्हे. नाहीतर ऐन गर्दीच्या वेळी मर्यादा लाइनपेक्षा मोठी ठरते आणि काहीच उपयोग होत नाही.

स्पीड दिवसागणिक बदलत असेल, विशेषतः पाऊस झाल्यावर, तर ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल पॉवर बघा. आरएक्स पॉवर (येणाऱ्या उजेडाची ताकद) वजा १५ ते वजा २४ डीबीएमच्या मध्ये असावी. वजा २७ ही साधारण शेवटची हद्द, त्यापलीकडे लाल दिवा. गोम अशी की तिथे दिसतो तो फक्त आपल्याकडे येणारा उजेड. आपण पाठवलेला उजेड पलीकडे किती पोचतो हे ओएलटीवरच दिसतं. वर जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरचा आणि खाली येणारा १४९० चा; लांब अंतरात १३१० जास्त झिजतो. त्यामुळे डाउनलोड छान, अपलोड मात्र अडखळत, असंही होऊ शकतं. लाइनमनला "माझ्या ओएनटीचा ओएलटीवरचा आरएक्स किती दिसतो?" असं विचारा. या प्रश्नाने तो तुम्हाला जरा गंभीरपणे घेतो, हा आणखी एक फायदा.

आपल्याकडे पॉवर पडण्याची कारणं ठरलेली आहेत. खांबावरच्या जॉइंट बॉक्सचं झाकण सैल राहून पाणी शिरणं. पोफळीला किंवा माडाला करकचून बांधलेली तार वाऱ्यात घासणं. वरून झावळी पडणं. वानरांनी तारेवर झोके घेणं. घराच्या आत वळण घेताना तार तीन सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका, आणि दाराच्या फटीतून नेऊ नका. तुटलेली तार जोडताना मशीनने केलेल्या स्प्लाइसमध्ये ०.१ डीबीच्या आसपास जातं, हाताने दाबलेल्या कनेक्टरमध्ये त्याच्या कितीतरी पट. दोन-तीन पावसाळ्यांत असे चार जोड झाले की लाइन काठावर येते. तेव्हा नवी तार ओढून मागा, पाचवा जोड नको. आणि कनेक्टरचे रंग बघा: हिरव्याला हिरवाच. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत घुसतात पण नीट टेकत नाहीत.

पत्ता: खरी अडचण इथे

अपलोड ठीक असेल तर आता राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा आणि दुसऱ्या खिडकीत 'माझा आयपी काय' हे शोधा. दोन्ही आकडे एकच असतील तर नशीब चांगलं. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे कंपनीने एका सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ घरं बसवली आहेत आणि बाहेरून तुमच्या घरापर्यंत थेट वाट नाही. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. छोटे ऑपरेटर १०. ने सुरू होणारे पत्तेही देतात, अर्थ तोच. अशा लाइनवर राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून येणाऱ्याला घरातल्या यंत्राकडे वळवलं) तरी काही होणार नाही, आणि लोक नेमकी इथेच आठवडे घालवतात.

१९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घाबरू नका. पुष्कळदा ओएनटी स्वतःच राउटर असतो आणि त्याच्यामागे तुम्ही दुसरा राउटर लावलेला असतो. ओएनटी ब्रिजवर टाकायला सांगा (म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देतो), पीपीपीओईचं (लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरा आणि मग पुन्हा बघा. व्हीलॅनचा नंबरही विचारून घ्या, तो नसेल तर लाइन जोडतच नाही.

सीजीनॅटमधून सुटण्याच्या चार वाटा. स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) विकत घेणं ही सर्वांत सरळ. लोकल ऑपरेटर असेल तर महिना थोडे पैसे वाढवून देतो, मोठ्या कंपन्यांचे घरगुती प्लॅन मात्र पुष्कळदा नाही म्हणतात. ही वाट मिळत असेल तर पुढचं काही वाचू नका, पैसे द्या.

दुसरी वाट आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी, लांब पद्धत. त्यात सीजीनॅटचा प्रश्नच नाही, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. जिओ आणि एअरटेलच्या मोबाइलवर आयपीव्ही६ असतो, त्यामुळे फोनवरून घर थेट गाठता येतं. अडचणी तीन. राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं आयपीव्ही६ अडवते, त्यात सर्व्हरपुरता यूडीपी पोर्ट उघडावा लागतो. कंपनीच्या राउटरमध्ये ती सोय कधी असते, कधी नसते. पत्त्याचा पुढचा भाग लाइन तुटून जोडली की बदलतो, म्हणून डकडीएनएससारख्या सेवेकडून बदलत्या पत्त्यामागे धावणारं नाव घ्यावं लागतं आणि ते सर्व्हरने स्वतः अद्ययावत करायचं. राउटरला सांगितलं तर तो स्वतःचाच पत्ता नोंदवतो. आणि तिसरं, तुम्ही ज्या ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर असाल तिथे आयपीव्ही६ नसेल तर घर दिसणार नाही. तेव्हा फोनचा डेटा चालू करायचा.

तिसरी वाट म्हणजे मुंबईच्या डेटा सेंटरमधला सगळ्यात छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) भाड्याने घेणं. एक कोअर, ५१२ एमबी मेमरी पुरते. घरचा सर्व्हर स्वतःहून त्याला जोडून राहतो, फोनही त्यालाच जोडतो आणि मधला दुवा तो व्हीपीएस होतो. मुंबईच का, तर कोकणातलं बहुतेक ट्रॅफिक तसंही मुंबईवरूनच जातं. सिंगापूरचा घेतलात तर येऊन-जाऊन साठेक मिलिसेकंदांची भर पडते. व्हीपीएसच्या डेटाची महिन्याची मर्यादा मात्र बघून घ्या. कॅमेरा रात्रंदिवस उघडा ठेवणाऱ्याला ती लागते.

चौथी वाट टेलस्केल ही तयार व्हीपीएन सेवा. आतून वायरगार्डच, पण दोन्ही बाजूंच्या नॅटला (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणाऱ्या राउटरला) भोक पाडून थेट जोडणी करायचं काम तेच करतं. घरगुती वापराला फुकट. थेट जोडणी जमली नाही तर त्यांच्या रिलेवरून जातं आणि वेग पडतो. स्टेटसची कमांड दिली की 'डायरेक्ट' आहे की 'रिले' ते दिसतं. टेलस्केल आपल्या यंत्रांना १००. नेच सुरू होणारे पत्ते देतं, त्यामुळे ॲपमधला तो पत्ता बघून सीजीनॅटचा निष्कर्ष काढू नका. सगळा ट्रॅफिक घरून फिरवायचा आहे आणि स्टॅटिक आयपी नाही, अशा वेळी घरच्या यंत्राला एक्झिट नोड (सगळा ट्रॅफिक जिथून बाहेर पडतो ते यंत्र) करणं हे व्हीपीएसवर राउटिंग लिहीत बसण्यापेक्षा खूप सोपं.

बसवताना

सॉफ्टवेअर वायरगार्डच घ्या. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.६ पासून ते कर्नलमध्येच आहे. दुसरं म्हणजे ओळख न पटलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही. बाहेरून पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही. कॅमेऱ्याचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. व्हीपीएन आला की राउटरमधली डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याची) सगळी जुनी फॉरवर्डिंग काढून टाका, एकटा यूडीपी ५१८२० (वायरगार्डचा पोर्ट) ठेवा.

यंत्र कोणतं? राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी असेल तर वायरगार्ड तिथेच चालवा. गावच्या घरात डबे जितके कमी तितकं बरं. नाहीतर रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक. पाय ३बी सुद्धा चालेल, त्याचं ईथरनेट १०० एमबीपीएसचं आहे इतकंच. जुना लॅपटॉप हाही उत्तम पर्याय, बॅटरी अंगचीच. फक्त बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्के ठेवा. बारा महिने शंभर टक्क्यांवर राहिलेली बॅटरी फुगते.

सर्वांत आधी घरच्या नेटवर्कचा पट्टा बदला. जिओफायबरचे राउटर १९२.१६८.२९.१ वर असतात, इतर पुष्कळ १९२.१६८.१.१ वर. मुंबईची खोली आणि गावचं घर दोन्हीकडे एकाच कंपनीचं कनेक्शन असेल तर दोन्हीकडे तोच पट्टा, आणि मग व्हीपीएन जोडलेला असूनही फोन गावचा कॅमेरा खोलीतच शोधत बसतो. गावी १९२.१६८.७३.० असं काहीतरी आडवळणाचं ठेवा. कॅमेरा, डीव्हीआर आणि पाय यांचे पत्ते राउटरमध्ये राखीव करा. व्हीपीएनचा पट्टा वेगळा, समजा १०.७३.०.०/२४: सर्व्हर .१, तुमचा फोन .२, लॅपटॉप .३.

फक्त घरापुरतं हवं असेल तर फोनच्या बाजूला 'अलाउड आयपीज'मध्ये (व्हीपीएनमधून जायच्या पत्त्यांच्या यादीत) १०.७३.०.०/२४ आणि १९२.१६८.७३.०/२४ एवढेच दोन. सगळं फिरवायचं असेल तर ०.०.०.०/० आणि त्याच्या जोडीला ::/०. हा दुसरा विसरलात तर फोनचा आयपीव्ही६ ट्रॅफिक व्हीपीएनबाहेरूनच जातो आणि ते कळतही नाही. सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा. कॅमेऱ्याला १०.७३ चा पत्ता कुठे आहे हे माहीत नसतं, म्हणून एकतर सर्व्हरवर मास्करेड लावा (म्हणजे फोनचं पॅकेट सर्व्हरच्याच पत्त्याने कॅमेऱ्याकडे जातं) किंवा राउटरमध्ये तशी स्टॅटिक रूट (कायमची वाट) लिहा. 'जोडलं जातं, सर्व्हरला पिंग लागतो, पण कॅमेरा दिसत नाही' या तक्रारीमागे नव्वद टक्के वेळा हेच असतं. व्हीपीएस वापरत असाल तर हीच फॉरवर्डिंग दोन्हीकडे हवी, व्हीपीएसवरच्या घरच्या पीअरमध्ये (जोडलेल्या यंत्राच्या नोंदीत) १९२.१६८.७३.०/२४ हवा, आणि व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्येही ५१८२० उघडायला हवा.

प्रत्येक उपकरणाला वेगळी की (ओळख पटवणारी किल्ली) द्या. एकच क्यूआर दोन फोनवर स्कॅन केला तर दोन्ही चालतात, पण आळीपाळीने: शेवटचं पॅकेट ज्याचं आलं त्यालाच सर्व्हर उत्तर देतो. आई-बाबांच्या फोनवर 'कधी चालतं, कधी नाही' असं होत असेल तर आधी हे तपासा. फोन हरवला तर तेवढाच पीअर काढून टाकता येतो, हा दुसरा फायदा.

तपासणी कायम मोबाइल डेटावर करा. घरच्याच वायफायवरून घरचाच बाहेरचा पत्ता कित्येक राउटरना गाठता येत नाही, त्यात सर्व्हरचा काही दोष नसतो.

एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल आकाराचं, बाइटमध्ये) दुखणं ओळखायची खूण: व्हीपीएन जोडला, पिंग लागतो, व्हॉट्सॲपचा मेसेज येतो, पण फोटो किंवा बँकेची साइट अर्धवट उघडून थांबते. वायरगार्ड स्वतःहून १४२० धरतो. पीपीपीओईच्या लाइनला १५०० ऐवजी १४९२ च मिळतात, त्यातून वायरगार्डचे जास्तीत जास्त ८० गेले की १४१२. दोन्ही टोकांना १४१२ लिहा. तरी अडलं तर १२८० करून बघा. वेग किरकोळ कमी होतो, पण चालतं.

घरचा सर्व्हर व्हीपीएसला जोडत असेल तर त्याच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट जागी ठेवायला ठराविक वेळाने पाठवलेलं छोटं पॅकेट) २५ सेकंद ठेवा, नाहीतर नॅट ती वाट विसरतं आणि बाहेरून घर गाठता येत नाही. या रचनेत आणखी एक छुपी भानगड आहे. वायरगार्डच्या हस्तांदोलनात वेळेचा शिक्का असतो आणि आधीपेक्षा जुना शिक्का आला तर समोरचा तो नाकारतो. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट जाऊन आली की त्याचं घड्याळ मागे पडलेलं असतं आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत व्हीपीएस त्याला दारात उभं करत नाही. दोन मिनिटांत आपोआप सुटतं, पण वेळ आणणारा ट्रॅफिकच व्हीपीएनमधून जायला लावला असेल तर गाठ पडते: वेळ नाही म्हणून व्हीपीएन नाही, व्हीपीएन नाही म्हणून वेळ नाही. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आणणं) कायम व्हीपीएनच्या बाहेरून ठेवा, किंवा पायला छोटं आरटीसी (बॅटरीवरचं घड्याळ) मॉड्यूल लावा.

तसंच डकडीएनएसच्या नावाचं. वायरगार्ड नाव एकदाच, सुरू होताना विचारतो. लाइन तुटून घरचा पत्ता बदलला तर आधीच जोडलेला लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. फोनवर बंद-चालू केलं की झालं. कायम चालू राहणाऱ्या यंत्रावर मात्र दर काही मिनिटांनी नाव पुन्हा तपासणारी स्क्रिप्ट लावा. वायरगार्डच्या टूल्ससोबत तशी एक तयार येते.

वीज आणि वीजच

एक महावितरणची, दुसरी आभाळातली. ओएनटी आणि राउटर मिळून १० वॅट, पाय ४ वॅट धरा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर. अर्धीच वापरायची असते, त्यात अडीच-तीन तास निघतात. घरात १५० अँपिअर-अवरचा इन्व्हर्टर असेल तर तोच एवढा भार दिवसभर ओढतो, फक्त त्याचा स्वतःचा खप पंधरा-वीस वॅट असतो तो मोजा. निसर्ग किंवा तौक्तेसारख्या वादळानंतर कित्येक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढ्यासाठी बॅटरी घ्यायला जाऊ नका, तेव्हा लाइनही खांबासकट खाली असते. मात्र रोजची दोन तासांची लाइट गेली की नेटही जातं का ते बघा. तुमची बॅटरी चालू असूनही जात असेल तर ऑपरेटरचा वाडीतला स्विच विजेवर आहे आणि त्याला बॅकअप नाही. निखळ जीपॉन असेल तर मधे कुठेच वीज लागत नाही.

लाइट जाण्या-येण्यात पायचं मेमरी कार्ड बिघडतं. यूएसबी एसएसडीवरून चालवा, किंवा सगळं बसवून झाल्यावर सेटिंगमधली ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. त्यानंतर नवीन पीअर घालायचा असेल तर ती आधी बंद करावी लागते, नाहीतर रीबूटनंतर तो गायब.

मेच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा जास्त. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण तिला आधाराला असलेली लोखंडी तार पडवीतच कापा, घरात आणू नका. खरा धोका माडाच्या खांबावर किंवा गच्चीवर लावलेल्या कॅमेऱ्याच्या तांब्याच्या केबलीचा. ती थेट स्विचमध्ये येते, आणि एका कडाक्यात डीव्हीआर, स्विच, पाय सगळं जातं. घरापासून लांबचा कॅमेरा असेल तर दोन मीडिया कन्व्हर्टर आणि मधे फायबर टाका. जांभ्याच्या कातळात उन्हाळ्यात अर्थिंग धड लागत नाही, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टर आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात पावसाळा लागेपर्यंत पाणी ओतत राहा.

कायद्याचं विचारतात म्हणून: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत व्हीपीएन पुरवठादारांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं आहे. तो नियम लोकांना सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे, घरच्या चार फोनसाठी नाही. पण शेजाऱ्यांना, ओळखीच्यांना की वाटू नका. त्यांनी जे केलं ते तुमच्या घरच्या पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या नावावर दिसतं.

शेवटचं काम घरी राहणाऱ्या माणसासाठी. ओएनटी, राउटर आणि सर्व्हर यांच्या तीन प्लगना १, २, ३ अशा चिठ्ठ्या लावा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा: तिन्ही बंद करा. १ चालू, लाल दिवा जाऊन हिरवा स्थिर होईपर्यंत थांबा. २ चालू, दोन मिनिटं थांबा. मग ३. लाल दिवा गेलाच नाही तर मुंबईला फोन करू नका, केबलवाल्याला करा. त्याचा नंबर तिथेच खाली लिहून ठेवा.